सूपभर कोंड्याची लेक

अनिताला कन्हेरीत कुणी विचारलं, "तू कुणाची गं?" तर ती "तानूबाईची" म्हणायची. वरकुट्यात कुणी विचारलं तर गप्प बसायची. जन्म वरकुट्याचा, सिंधुबाईच्या पोटचा. पण पाळण्यातूनच उचलून सिंधुबाईनं तिला धाकट्या बहिणीकडं, कन्हेरीला दिलं. तानूबाईला मूल नव्हतं. बहिणीची ओटी भरली, चांगलं झालं, म्हणून गाव मोकळं झालं. पोरीला काय वाटतं, हे कोण विचारतंय! आपल्याकडं पोरांना विचारायची रीतच नाही.

तानूबाईनं तिला काही कमी पडू दिलं नाही. मेथीच्या जुड्या बांधताबांधता पाढे म्हणून घेतले, बारामतीला कॉलेजात घातलं. पण लग्नकार्यात सिंधुबाई भेटली की अनिता तिच्या तोंडाकडं बघत राहायची. कुणी म्हणालं, "सिंधुबाई, लेक तुमच्यावर गेली हो," की सिंधुबाई झटकन म्हणायची, "माझी कुठली? तानूची पोर हाय ती." आणि तोंड फिरवायची. ते एक वाक्य अनिता चाळिशीपर्यंत पोटात घेऊन फिरली.

पुढं ती इंदापूरकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागली. तिथं तिनं एकोणिसाव्या शतकातला एक इंग्रज कादंबरीकार असा धरला की सोडलाच नाही. त्या साहेबाच्या पुस्तकांत पोरं परक्याच्या दारात वाढतात. रक्ताची माणसं पाठ फिरवतात आणि नात्यागोत्याची नसलेली माणसं ताटात वाढतात. विद्वान मंडळी त्यावर जाडजूड शब्द लिहितात. अनिताला शब्दांची गरज नव्हती. ते पोर तीच होती.

कन्हेरीचं वाचनालय चालवणाऱ्या मोहनरावांनी तिला बोलायला बोलावलं. विषय तिनंच दिला: त्या कादंबऱ्यांतलं बालपण आणि घरदार. पहिल्या रांगेत तानूबाई बसली होती. आणि तिच्या शेजारी, काही न कळवता वरकुट्याहून आलेली सिंधुबाई.

तिला बघितलं आणि अनिताचं कागदावरचं सगळं बाजूला राहिलं.

"पोरगं उपास विसरतं, मार विसरतं," ती म्हणाली. "पण आई जिवंत असून ज्याला चारचौघांत 'माझं' म्हणत नाही, ते पोरगं म्हातारं झालं तरी तिथंच उभं असतं."

टाळ्या पडल्या. सिंधुबाई उठली, पदर सावरला आणि बाहेर गेली.

अनिताचा राग तिथंच उतरला आणि धास्ती चढली. ही आता गेली तर परत तोंड दाखवायची नाही. मोहनराव शाल उलगडून उभे, आणि व्याख्यात्या बाई दाराबाहेर!

सिंधुबाई पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होती.

"आये, चाललीस?"

"कुठं जाऊ? एसटी सांजंला हाय."

"मग उठलीस का?"

सिंधुबाईनं आजूबाजूला बघितलं, आवाज खाली घेतला. "तुझ्या आधीची दोन राहिली न्हाईत. तू झालीस तवा सासू म्हणाली, ही तुझी ठिवू नगंस, इकून टाक. मंग सूपभर कोंड्यावर तुला तानूला इकली. वरच्याला वाटावं, हिच्या घरात न्यायजोगं काय उरलंच न्हाय."

"मग परत का नाही घेतलंस?"

"घ्यायचीच व्हती. तू जरा मोठी झाल्यावर कोंडा माघारी द्यायला सूप घिऊन आले बी. तर तू तानूच्या गळ्यात हात टाकून झोपलेली. कशी तोडू? कोंडा तसाच माघारी नेला. मंग तू माझी कशी गं? माझी म्हणलं आन् त्यानं ऐकलं तर?"

चाळीस वर्षं! असल्या खुळचट समजुतीपायी चाळीस वर्षं!

"अगं, मला दवाखान्यातल्या लशीनं जगवलं, तुझ्या कोंड्यानं नाही!" अनिता ओरडली. ओरडताओरडता तिला हसू फुटलं, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचं राहूनच गेलं. छातीवरचा धोंडा कुठं गेला, कळेना. नको होती म्हणून दिली नव्हती. जगावी म्हणून दिली होती.

तानूबाई काठी टेकत आली. "काय गं आक्का, माझ्या पोरीला रडवती व्हय?"

"सांगितलं तिला समदं."

"बरं केलंस. मंग आता घे की माघारी. पर मला कोंडा नगं. पाटीभर डाळिंबं दे."

"पाटीभर? एवढी म्हाग?"

"शिकलेली हाय. कुणी शिकवली?"

सिंधुबाईनं पिशवीच पुढं केली. वरकुट्याहून तिनं डाळिंबंच आणली होती. तानूबाईनं पिशवीत हात घालून चांगली चाचपून घेतली.

तेवढ्यात मोहनराव शाल घेऊन धापा टाकत आले. "मॅडम, सत्कार राहिला! आणि ह्या कोण?"

अनिता सिंधुबाईकडं बघत थांबली.

सिंधुबाईनं एकदा वर आभाळाकडं बघितलं.

"माझी लेक हाय ती," ती म्हणाली. मग घाईनं, "आन् तानूची बी."

तानूबाईनं तोवर टाकीच्या कठड्यावर आपटून एक डाळिंब फोडलं होतं.