कवळीकाकांचा दुखवटा

कवळीकाकांना माणसाचा चेहरा आठवायचा नाही, दात आठवायचे. रस्त्यात कुणी हाक मारली की काका आधी त्याच्या ओठांकडे बघणार आणि मग, "अच्छा, तुम्ही होय! खालची डावी दाढ!" माणूस ओशाळायचा, काका खूश. एकतीस वर्षं दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्यांनी कवळ्या घडवल्या. फळीवर लोकांचे जबडे ओळीनं मांडलेले. कुणाचा दात केसाएवढा वाकडा असला तरी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. आणि हाच माणूस फसला! फसला कसला, डोळे टक्क उघडे ठेवून चालत गेला.

घाईचं काम असलं की काका ते रविवारी घरी आणत. साच्यात प्लास्टर ओतलं की ते घट्ट होईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. सात-आठ मिनिटं हात सोडायची सोय नाही, सोडला की जबडा वाकडा. मधेच फोन वाजला तर काकू गुडघे दाबत उठायच्या आणि फोन काकांच्या कानाला लावून उभ्या राहायच्या. पलीकडून कोण काय बोलतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. आधी तारेचा फोन होता, मग मोबाइल आला, पण हे काही बदललं नाही.

काकूंच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. सतरा पायऱ्यांचा जिना त्या बसत बसत उतरायच्या. ऑपरेशनची तारीख मिळाली होती आणि त्यासाठी सहा वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे बँकेत होते.

अशात एक अनोळखी बाई काकांच्या मोबाइलवर निरोप पाठवू लागली. दूर कुठेतरी जहाजावर नर्स आहे म्हणाली. भाषा मोडकीतोडकी, पण रोज दुपारी न चुकता विचारायची, "जेवलात का?" आता बघा, काकू रोज डबा भरून हातात द्यायच्या. ज्याच्या हातात डबा दिला त्याला जेवलास का म्हणून कोण विचारतं? पण काकांना तेवढ्यानंच भरून आलं. घरात दोघांचं बोलणं म्हणजे गॅस संपला, नळ गळतोय, एवढंच उरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, "घरी कोण असतं?" काकांनी लिहिलं, "एकटाच." का लिहिलं देव जाणे. मग तिनं बायकोचं विचारलं, तेव्हा लिहून बसले, "वारली." आणि एकदा माणूस मारला की त्याचं सगळं नीट करावं लागतं. तारीख ठोकून दिली, आजार ठोकून दिला. ती हळहळली, तसे काका खरंच रडले. काकूंनी भरलेल्या डब्यासमोर बसून काकूंसाठी रडले, काय म्हणायचं या माणसाला!

तिनं फोटो पाठवले. पहिल्या फोटोत पुढच्या दोन दातांमध्ये फट, दुसऱ्यात फट गायब, तिसऱ्यात सुळाच निराळा. काकांना पहिल्या दिवशीच दिसलं. दुसऱ्या कुणाचे असते तर दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण ते स्वतःशी म्हणाले, बुजवून घेतली असेल फट. खोदून विचारायचं तर ती आपल्यालाही खोदून विचारेल, ही धास्ती. मग तिच्या सुट्टीचं, तिकिटाचं, अडकलेल्या सामानाचं निघालं, आणि गुडघ्यांचे पैसे तीन हप्त्यांत तिकडे गेले.

एका रविवारी सकाळी काकांचे दोन्ही हात साच्यावर होते. फोन वाजला. काकू उठल्या, पण कानाला लावेपर्यंत तो बंद पडला आणि मागोमाग निरोप आला. कानाला लावायला काहीच नव्हतं, म्हणून काकूंनी चष्मा सारून तो मोठ्यानं वाचला. "आज तुमची बायको जाऊन वर्ष झालं. मी तिच्यासाठी मेणबत्ती लावली."

ठोकून दिलेली तारीख काका विसरलेसुद्धा होते. तिनं मात्र लिहून ठेवली होती, धंदाच तिचा तो.

काकांची दातखीळ बसली. काकू उभ्याउभ्या मागचं एकेक वाचत गेल्या. काकांना हात सोडून फोन हिसकावता आला असता. पण हात सोडायचे नसतात ही सवय इतकी हाडामांसात भिनलेली, की ते साचा धरून तसेच उभे राहिले.

"मी कशानं गेले?" काकूंनी विचारलं.

"अगं..."

"एवढं सगळं कोण वाचत बसणार? सांगा ना."

"हृदय बंद पडलं. झोपेत."

"म्हणजे त्रास नाही झाला," काकू म्हणाल्या. फोन टेबलावर ठेवून त्या आत गेल्या.

सोमवारी काकांनी ते फोटो दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. "अहो काका, या तीन वेगळ्या बायका आहेत! तुम्हाला दिसलं नाही?" काका म्हणाले, "दिसलं होतं." पोलिसांनी कागद लिहून घेतला आणि पैशांची आशा धरू नका म्हणाले. काकू रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. डबासुद्धा रोज मिळायचा. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटायचं. मेला तो डबा त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

तीन आठवड्यांनी पुन्हा रविवार, पुन्हा प्लास्टर. फोन वाजला. पडद्यावर इस्पितळाचं नाव होतं, ऑपरेशनची तारीख पक्की करायला केलेला फोन. काकू तीन पावलांवर खुर्चीत बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर. उठल्या नाहीत.

"अगं, घे ना. हात अडकलेत माझे." काकांचा आवाज चिरकला. "काय सांगू त्यांना?"

काकूंनी मान वर केली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक आहे की. सांगा, पेशंट गेली. झोपेत."

फोन वाजून वाजून थांबला. काकांनी साच्यावरचे हात सोडून दिले.