शिंपल्यांचे सर

तलावाच्या पाळीवर चपला काढायच्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि पाण्यात पाय टाकण्याआधी जरा थांबायचं, ही सरांची रीत. देवळाच्या पायरीवर आपण थांबतो ना, तसं. मागून कोणी घागर घेऊन धप्पकन उतरलं की म्हणायचे, "हळू जी, खाली लोक रायतेत."

लोक म्हणजे शिंपले. गोड्या पाण्यातले, काळेकुट्ट, तळहाताएवढे. आम्ही सौंदडच्या बायका त्यांच्या कवचाने दुधाच्या गंजाची, म्हणजे पातेल्याची, खरवड काढत आलो, कैऱ्या सोलत आलो. त्यात कोणी राहत होतं, त्याचंही घरदार होतं, हे कोणाच्या ध्यानात? तुमच्या तरी आलं होतं का?

ते गोंदियाला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. निवृत्त झाले आणि कुडव्याच्या आपल्या घरून स्कूटरवर आमच्या तलावावर यायला लागले. माझं घर पाळीला लागून, म्हणून त्यांचा चहा माझ्याकडे, पाय धुवायचं पाणी माझ्याकडे. पुढे माझी पिठाची चाळणी गेली त्यांच्याकडे. मी दुसरी आणली तर हातात घेऊन म्हणाले, "बाई, हिची जाळी तर अजून बारीक आहे." तीही गेली.

शोधायचे ते डोळ्यांपेक्षा पायांनी. तळव्याखाली काही लागलं की चेहरा असा व्हायचा, जसा परगावच्या बाजारात आपल्या गावचं माणूस दिसल्यावर होतो. वर काढून अंगठ्याने चिखल पुसायचा, कवचावरच्या वळ्या बघायच्या, "आजीबाई आहे" म्हणायचं आणि जिथून काढली तिथंच परत रोवायची.

एकदा मी विचारलं, एका जागी बसून राहणाऱ्या या शिंपल्यांची पोरं मग दूर जातात तरी कशी? सर खुलले. म्हणाले, "लेकरू डोळ्याले दिसत नाही एवढं लहान रायते. ते जाऊन मासोळीच्या कल्ल्याले धरते. मासोळी त्याले घेऊन फिरते. जरा मोठं झालं की सुटते, खाली पडते अन् मातीत घर करते."

मी म्हटलं, म्हणजे मासोळी त्याची मावशी झाली. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे ते सगळ्यांना मावशी म्हणूनच सांगू लागले.

पण एक दिवस चहा पुढ्यात तसाच थंड झाला. म्हणाले, "बाई, साऱ्या म्हाताऱ्या आहेत. लेकरू एकबी नाही."

चाळण्या त्यासाठी नेल्या होत्या. तळाचा चिखल चाळून मुगाच्या दाण्याएवढी एखादी शिंपली ते शोधत होते. तलावात बाहेरचं मत्स्यबीज आलं आणि जुन्या बारक्या मासोळ्या दिसेनाशा झाल्या. बहुतेक मावशाच गेल्या, असं ते म्हणत. हा 'बहुतेक' ते कधी विसरत नसत. शिंपली पुष्कळ वर्षं जगते, म्हणून तलाव भरलेला वाटतो. पाळणा मात्र कधीचा थांबलेला असतो. माझी दोन्ही मुलं पुण्याला. मला हे फोड करून सांगावं लागलं नाही.

उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचं ठरलं, तेव्हा सर ग्रामसभेत उभे राहिले. पाणी सोडायच्या दाराजवळचा तेवढा कोपरा खोदू नका, म्हणाले. मागून मासेमारी करणारे आमचे मारोतीभाऊ बोलले, "सर, शिंपल्याइचं नाव मतदार यादीत आहे का जी?" सभा हसली. सरही हसले. म्हणाले, "नाही ना. म्हणून तर मले यावं लागलं."

कोपरा राहिला. आणि मारोतीभाऊच पुढे त्यांच्यासोबत चाळणी धरून बसू लागले. ओढ्यातल्या जुन्या मासोळ्याही त्यांनीच आणून तलावात सोडल्या. आता फक्त वाट पाहायची होती.

तेवढ्यात सरांच्या किडनीचं दुखणं निघालं. येणं बंद झालं. मग फोन. तब्येतीचं विचारावं तर ऐकायचेच नाहीत, आधी "चाळलं का?" आम्ही चाळत होतो. खडे येत, गोगलगायी येत. मी "नाही जी" म्हणायची, ते "बरं, उद्या पाहू" म्हणायचे. तो आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला.

एका सकाळी मारोतीभाऊ दारात उभे. हातात पाण्याची बाटली, बाटलीत नखाएवढी शिंपली. तलावात सापडली, म्हणाले. मी रडलेच. तशीच त्यांच्या मोटारसायकलवर बसले आणि आम्ही कुडवा गाठलं.

सरांच्या बायकोने, आम्ही त्यांना ताई म्हणतो, सरांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी भिंग लावून खूप वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं.

"मारोतीभाऊ, हे चुलबंद नदीतलं आहे."

मारोतीभाऊंची मान खाली गेली. "तुमाले बरं वाटावं म्हणून जी."

"वाटलं ना. लय बरं वाटलं." बाटली त्यांनी थोडा वेळ छातीशी धरून ठेवली. मग म्हणाले, "पण याले उद्याच नेऊन सोडा. याची माय तिथं असंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चुलबंदवर गेलो. मारोतीभाऊंनी काठाला चपला काढल्या, पाण्यात उतरून शिंपली रेतीवर ठेवली. बराच वेळ ती मेल्यासारखी पडून होती. मग कवच जरासं उघडलं, आतून पांढरी जीभ बाहेर आली, रेतीत रुतली आणि तिने सगळं घर आपल्यामागे आत ओढून घेतलं.

मारोतीभाऊ म्हणाले, सरांना सांगा. मी फोन लावला. ताईंनी उचलला. त्यांच्या मागे पुष्कळ माणसांचा आवाज येत होता. त्यांनी सांगितलं ते मी ऐकून घेतलं. शिंपलीचं काही बोलले नाही.

मारोतीभाऊ पाण्यातच उभे होते, सर काय म्हणाले ते ऐकायला.