बद्रीनाथची एकोणीसशे पावलं

बद्रीनाथचं पाऊल बरोबर वारभर, म्हणजे तीन फूट होतं. सव्वासहा फूट उंची आणि तिला शोभतील अशा टांगा. निजामाच्या काळात गिरदावरानं, म्हणजे महसुली निरीक्षकानं, मोजणीची साखळी टाकून त्याची परीक्षा घेतली होती, तर शंभर पावलांत हातभरही फरक निघाला नाही. तेव्हापासून तो औरंगाबादच्या एका कचेरीत मोजणीचा शिपाई म्हणून चिकटला. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामी गेली, उर्दू कागद जाऊन मराठी आले, पुढे मैलांचे किलोमीटर झाले, पण सतराशे साठ पावलं म्हणजे एक मैल हा त्याचा हिशोब काही हलला नाही. दुसरी विद्या गड्याला येत नव्हती आणि या एकीचा तोरा मात्र केवढा!

त्र्याहत्तरच्या दुष्काळात वैजापूरकडच्या वस्त्यांना टँकर द्यायचं ठरलं. अट अशी की पाण्याची विहीर वस्तीपासून मैलाच्या, म्हणजे सोळाशे मीटरच्या पुढे हवी. साखळ्या सगळ्या धरणाच्या कामावर गेलेल्या, म्हणून अंतर पावलांनी मोजून आणायचा हुकूम निघाला. पिंपळवस्ती बद्रीनाथनं मुद्दाम मागून घेतली, कारण तिथं त्याची थोरली बहीण साळूबाई राहायची. साठीची विधवा बाई, गुडघे कामातून गेलेले, तरी दिवसाला विहिरीच्या तीन खेपा करायची.

वस्तीपासून निघालेला बद्रीनाथ विहिरीच्या काठावर थांबला तो हसतच.

"आक्का, एकोणीसशे भरली. मैलाच्या वर एकशेचाळीस. टँकर आलाच समज."

"नक्की का रं? उद्या समदे नाशिककडं निघालेत. मीबी बैलगाडीत बसनार व्हते."

"माझं पाऊल कधी चुकलंय का? कुठं जाऊ नको."

साळूबाई थांबली. तिच्याकडे बघून आणखी आठ घरं थांबली.

कचेरीत कारकून अनंतरावांनी छापील पत्रक काढलं. एक पाऊल म्हणजे पंचाहत्तर सेंटीमीटर. एकोणीसशेला पंचाहत्तरनं गुणलं, उत्तर आलं चौदाशे पंचवीस मीटर.

"बसत नाही," ते म्हणाले.

"रावसाहेब, ते पाऊल दुसऱ्या कुणाचं आसंल. माझं वाराचं हाय."

"पत्रकात सगळ्यांचं पाऊल सारखंच आहे, बद्रीनाथ."

अनंतराव माणूस वाईट नव्हते. पत्रकाबाहेर त्यांना जग नव्हतं, एवढंच.

बद्रीनाथ पुन्हा गेला. पाऊण मीटरची काठी कापून तिच्या मापानं लहान मुलासारखी पावलं टाकत चालला आणि दोन हजार तीनशे सोळा आकडा घेऊन आला. अनंतरावांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकच रस्ता, एकच माणूस आणि चारशे पावलांचा फरक. बहीण तिथं राहते हेही त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्यांनी दुसरा कागद फाडला नाही, पण फायलीतही लावला नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी बद्रीनाथला लबाड समजलं, आणि तेही त्यानं सरकारी मापानं मोजलं तेव्हा.

पहिल्या मोजणीनंतर अठरा दिवसांनी विहीर आटली. बद्रीनाथ धावत गेला तेव्हा मागे राहिलेली घरंही निघाली होती. गाड्या केव्हाच गेल्या होत्या, आता पायीच जायचं होतं.

"आक्का, माझ्याकडं चल, औरंगाबादला उस्मानपुऱ्यात."

साळूबाईनं डोक्यावरचं बोचकं नीट केलं. "तुझ्या शब्दावर अठरा दिस थांबले, बद्री. आता नको."

ती लंगडत निघाली. कुठल्या गावी गेली, हे त्याला पुढे कधीच कळलं नाही.

महिन्यानं साखळी मोकळी झाली. अंतर निघालं सतराशे सदतीस मीटर. अनंतरावांनी चष्मा पुसला, आकडा दुरुस्त केला आणि टँकर मंजूर केला. वाट दाखवायला बद्रीनाथलाच पाठवलं.

वस्तीत एक माणूस नव्हतं. ड्रायव्हरनं विचारलं, "पाणी कुठं सोडू?"

साळूबाईच्या अंगणात रांजण पालथा पडला होता. बद्रीनाथनं तो सुलटा केला, धोतराच्या सोग्यानं आतून पुसला.

"एवढा भर."

रांजण काठोकाठ भरला. टँकर धुरळा उडवत दुसऱ्या वस्तीकडे गेला. बद्रीनाथ दिवस मावळेपर्यंत रांजणाला टेकून बसला होता. प्यायला कोणी आलं नाही.