विहिरीच्या पायऱ्या

राधाकिसन त्यांचं नाव. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घेऊ नाही, असं सासूनं शिकवलं व्हतं. आता घेते. ऐकायला ते न्हाईत, अन् सासूबी न्हाई.

लोक विचारत्यात, बायनाबाई, तुमचा माणूस काय काम करायचा? मी सांगते, घाण वर चढवायचा. मंग तोंडं वाकडी करत्यात. करा बाबा, तुमचीच घाण व्हती.

आमची कॉलनी जालन्याच्या कडंला, खोलगट जागेत. बिल्डरनं खड्ड्यात घरं बांधली अन् वर पाटी लावली, सुखसागर. मोठी गटारलाईन राहिली वर, रोडच्या अंगानं. पाणी काय आपल्या मनानं वर चढतंय व्हय? म्हून सगळ्या घरांचं संडास-मोरीचं पाणी उतारानं कॉलनीच्या मागं एका झाकलेल्या विहिरीत येतं. तिच्यात दोन पंप, पाण्यातच बुडालेले. विहीर भरत आली की वायरीला लटकलेला फुगा तरंगून तिरपा होतो, पंप चालू होतो अन् सगळं वरच्या लाईनीत ढकलतो. पाणी उतरलं की फुगा खाली, पंप बंद. एक पंप चालतो, दुसरा आराम करतो. एक बसला तर दुसऱ्यानं उठायचं. पण हे बराबर कवा चालतं? पाणी आत येतं त्या तोंडाच्या जाळीतला कचरा रोज लांब दांड्याच्या पंजानं ओढला तर. फुग्यावरचा तेलाचा थर खरवडला तर. न्हाई तर फुगा जड होऊन पडून राहतो अन् पाणी चढत राहतं.

मी ह्याच कॉलनीत घरोघरची भांडी घासते. एका टोकाला मी खरकटं सोडायचे, दुसऱ्या टोकाला माझे मालक ते ओढायचे. "बायने, आज पुरणपोळ्या कुणाकडं झाल्या गं?" जाळी बघून विचारायचे अन् स्वतःच हसायचे.

मूळचे ते तीर्थपुरीकडचे, मेंढरातले. अंधारात कोकराचा वास घेऊन सांगायचे, हे अमक्या मेंढीचं. पुढं चरायला रान राहिलं न्हाई, मेंढरं इकली, जालन्याला आलो. मंग पंपांनाच मेंढ्यांसारखी नावं ठेवली, थोरली अन् धाकटी. भाकर खाता खाता कान टवकारायचे, "थोरली खोकून राह्यली," म्हणायचे अन् ताटावरून उठायचे. मी लई चिडायचे. सुरुवातीला ते घरी येऊन उलट्या काढायचे, मंग हळूहळू त्यांचं नाक मेलं. तव्यावर भाकर जळून कोळसा झाली तरी पत्ता नसायचा. म्हणायचे, "देवानं बराबर केलं. ज्याला घाण काढायची त्याला नाक कशाला?"

धाकटी बिघडली तवापासून ते कॉलनीच्या सेक्रेटरीच्या दारात चकरा मारून राह्यले व्हते. भारतराव त्यांचं नाव.

"साहेब, धाकटी बंद हाय. विहिरीत हवा सोडायचा पंखा बंद हाय. पंप वर ओढायची साखळी गंजून तुटली."

"थोरली चालू आहे ना? मग बघू की, राधाकिसन."

गाडीचं ऑईल बघा कसं टाइमावर बदलत्यात मेले! पण विहीर पडली झाकणाखाली. दिसत न्हाई, म्हून कुणाचं काही अडत न्हाई. अन् एक दिवस अडलं.

भारतरावाच्या नातीचं बारसं व्हतं. दारात मांडव, पाहुणे जेवून राह्यले व्हते, मी मागं भांड्याला. तेवढ्यात थोरली बसली. धाकटी तर आधीच मेलेली. पाणी चढायला लागलं अन् कॉलनीतलं सगळ्यात खालचं घर भारतरावाचंच, तिथं मोरीतून उलटं आलं. पाहुणे पाय वर घेऊन बसले. भारतराव ओरडला, "राधाकिसन, जल्दी कर काहीतरी!"

साखळी असती तर पंप वरून ओढून काढला असता. ती न्हाई, म्हून पंपाला दोर बांधायला खाली उतरणं आलं. विहीर उपसायचा टँकर बोलावला व्हता, पण त्याला टाइम व्हता. मी म्हणाले, "अवं, थांबा की. टँकर येऊन राह्यला."

"बारशाचं घर हाय गं," ते म्हणाले. "पाळण्यातल्या लेकराला घाणीत ठिवायचं का?"

शेतातल्या जुन्या विहिरीत उतरायचं तर आमच्यात आधी घोंगडी दोराला बांधून खाली सोडत्यात अन् वरखाली आपटत्यात. कोंडलेली खराब हवा निघून जाती. माझे सासरे अशा लई विहिरी उतरले. मालकांनीबी तेच केलं, सासऱ्याचीच घोंगडी सोडली. पण ही विहीर ती नव्हती. खाली घाणीचं पाणी अन् गाळ साचलेला. घोंगडी आपटली तसं ते सगळं ढवळलं अन् त्याच्या पोटातला गॅस वर आला. सडक्या अंड्याचा असा भपका सुटला की सगळे मागं पळाले. जरा वेळानं वास गेला. "निघाली हवा," सगळेच म्हणाले. मलाबी वास येईना. वास गेलाच नव्हता, आमची नाकं गेल्ती. गॅस लई झाला की नाक सुन्न होतं, हे मागून फायर ब्रिगेडच्या माणसानं सांगितलं. मालकांचं नाक तर आधीच मेलेलं.

भिंतीत लोखंडी पायऱ्या व्हत्या, त्यांच्यावरून ते उतरले. डोक्याचा रुमाल दिसून राह्यला व्हता. मंग हात सुटला. पाण्याचा आवाज आला. बस.

अंगद माझा एकुलता लेक. सळईच्या कारखान्यात हाय, त्या दिवशी सुट्टी म्हून मांडवात वाढायला आल्ता. वाढायची बादली टाकून पळत आला अन् सरळ विहिरीच्या तोंडात पाय घातला. मी त्याला कंबरेला धरून मागं ओढलं अन् त्याच्या अंगावर बसले. त्यानं मला ढकललं, मारलं, दंडाला कडकडून चावला. "सोड आई, जित्ता हाय माझा बाप!" मी सोडलं न्हाई. एक गेला, दुसरा न्हाई देणार, एवढंच म्हणून राह्यले व्हते. फायर ब्रिगेडवाले तोंडाला मास्क लावून उतरले, मालकांना वर काढून मांडवाच्या सतरंजीवर ठेवलं. मला रडू आलं न्हाई. दंडातून रक्त निघून राह्यलंय हे शेजारच्या दैवशालाबाईनं दाखवलं तवा दिसलं. दुखत नव्हतं.

तवापासून काहीच दुखत न्हाई. ताटलीची कड बोटात घुसली तरी कळत न्हाई. भाकर गिळते, चव न्हाई. अंगद माझ्याशी बोलणं सोडून बसला. वाढलं तर खातो, ताट उचलून ठेवतो, माझ्याकडं बघत न्हाई. आईनं सोडलं असतं तर बाप वाचला असता, हे त्याच्या मनात बसलं. काय सांगू त्याला?

कॉलनीनं मंग सगळं केलं. धाकटी नवी आली, साखळी आली, पंखा आला. मायला, आधी का न्हाई आलं? थोरलीच्या पात्यात काय निघालं म्हणता? लेकरू पुसायचे ओले रुमाल. संडासात टाकून देत्यात ना, तेच.

अन् एक दिवस भारतराव घरी आला. मान खाली घालून म्हणाला, अंगदला बापाच्या जागी घेतो. अंगद भिंतीकडं बघून म्हणाला, "येतो." मला पुढचं दिसलं. पुन्हा कवा पंप अडकंल, कुणीतरी जल्दी म्हणंल अन् हा उतरंल. बापावरच गेलाय.

मी म्हणाले, "भारतराव, आधी विहिरीतल्या पायऱ्या काढा."

"अहो, दुरुस्तीला लागतात त्या."

"कुणाला लागत्यात? पंप साखळीनं वर येतो, जाळी वरून साफ होती. मंग पायऱ्या कुणासाठी ठिवल्या?"

बघू, म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी कुणाकडं भांडी घासली न्हाई, विहिरीच्या झाकणावर जाऊन बसले. लोक आले, समजावून गेले. मी उठले न्हाई.

शेवटी अंगद आला. हातात लोखंड कापायची करवत. ती बघून मी उठले. त्या गॅसजवळ आग चालत न्हाई, पेट घेतो, म्हून हाताची करवत. त्यानं टँकरनं विहीर उपसून घेतली, पंखा लई वेळ चालू ठेवला. मंग तोंडाशी पालथा पडून, हात पुरतील तेवढ्या वरच्या पायऱ्या कापायला लागला. मी मागून त्याची कंबर धरली. ह्या बारीला तो सोड म्हणाला न्हाई. एकेक पायरी खाली पडली. आता तिथं पहिला पाय ठिवायलाबी जागा न्हाई.

उठून बसला तवा त्याची नजर माझ्या दंडावर गेली. दातांचा वण अजून हाय. त्यानं त्याच्यावर अंगठा ठेवला.

"लई दुखलं असंल ना, आई?"

न्हाई म्हणायला तोंड उघडलं अन् दुखायला लागलं. दंडात न्हाई, सगळीकडं. मी तिथंच बाजूला काढलेल्या झाकणावर बसून मालकांचं नाव घेऊन बोंबलले, अन् अंगदनं मला कंबरेला धरलं.