कालिंदीचे नमुने

गंगेकाठच्या मंगला गौरीच्या गल्लीत यज्ञेश्वर पावगींना सगळे ‘कंप्यूटरवाले पंडितजी’ म्हणत. वडिलांनी जन्मभर घाटावर यजमानांच्या पूजा सांगितल्या, हे दिवसभर पडद्यासमोर बसत. लोकांच्या मते फरक इतकाच, की यांचे यजमान कधी दिसत नसत.

काम मात्र खरं होतं. आलेख काढण्याचं एक अवाढव्य सॉफ्टवेअर देशोदेशीची माणसं मिळून लिहीत होती. नवख्यांनी शिकावं म्हणून त्यात नमुन्याचे छोटे प्रोग्राम असत, आणि प्रत्येकाची जुळणी कशी करायची हे संगणकाला सांगणारी बिल्ड स्क्रिप्ट. ज्याने त्याने मनाला येईल तशा लिहिलेल्या त्या स्क्रिप्टांचा नुसता बाजार झाला होता. यज्ञेश्वरांनी तो आवरला. सगळ्यांसाठी एकच मुख्य स्क्रिप्ट केली. ती रोज प्रत्येक नमुना जुळवून पाही आणि जो अडेल त्याच्या नावाने बोंब मारी. मग कोणीतरी एखादी ओळ दुरुस्त करून टाकी.

त्यातले पुष्कळ नमुने त्यांच्या बायकोचे, कालिंदीचे. ती शाळेत कंप्यूटर शिकवायची. पुरात गंगा घाटाच्या पायऱ्या कशी गिळत जाते, हे दाखवणारा तिचा नमुना सगळ्यांत गोड. ओळीओळीला टीप, आणि मधेच ‘इथे चुकलात तर घाबरू नका, मीही चुकले होते.’

कालिंदी काविळीने गेली. दिवसपाणी उरकून यज्ञेश्वर कामाला बसले, तर पहिली बोंब पुराच्याच नमुन्याची. सॉफ्टवेअरमधल्या एका आज्ञेचं नाव बदललं होतं. एक शब्द बदलला की काम झालं असतं. हात उचलवेना. बायको गेली आणि लगेच तिची ओळ आपण खोडायची? त्यांनी मुख्य स्क्रिप्टला सांगितलं, कालिंदीचे नमुने वगळत जा. बोंब थांबली. परक्या हातांपासून आपण ते जपले, असं त्यांना वाटलं. जपले कसले, कोंडून ठेवले.

सॉफ्टवेअर काही कोणासाठी थांबत नाही. ते बदलत गेलं, बाकीचे नमुने त्याच्याबरोबर चालत राहिले. काही वर्षांनी कुठल्याशा विद्यार्थ्याने तक्रार केली, की पुराचा नमुना चालतच नाही, लिहिणाऱ्या बाईंनी तो कधी चालवून पाहिलेला दिसत नाही. यज्ञेश्वरांनी ती तक्रार पुन्हा पुन्हा वाचली. प्रकल्पाच्या लोकांनी सौम्यपणे कळवलं, दुरुस्त करा, नाहीतर काढावा लागेल.

मुलगी शरदिनी बँकेतून आली तेव्हा ते तसेच बसले होते. सगळं ऐकून ती म्हणाली, “बाबा, आईनं हे सजवून ठेवायला थोडीच लिहिलं? मुलांनी उलटपुलट करून शिकावं, इसीलिए लिहिलं ना?”

त्यांनी दुरुस्ती मांडली. आता एका शब्दाने भागत नव्हतं. एक ओळ बदलावी तर खालची अडे, ती बदलावी तर तिची टीप खोटी ठरे. शेवटी पडद्यावर पाणी पायरी पायरी चढू लागलं. त्यांनी जुनं आणि नवं शेजारी ठेवून पाहिलं. वेळच्या वेळी शब्द शब्द बदलला असता तर बाकी सगळी कालिंदी राहिली असती. आता त्यात तिची एकही ओळ उरली नव्हती.

लेखक म्हणून वर नाव मात्र तिचंच होतं. त्यांनी शरदिनीला हाक मारली.

“हे नाव आता ठेवू की काढू, बेटा?”