जीप चार इंच उंच केली तेव्हा

त्या वर्षी दुष्काळानं आमचा रस्ताच खाल्ला. वडवणीच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वस्ती. पाण्याचे टँकर आणि चाऱ्याचे ट्रक रोज वर चढायचे. त्यांच्या चाकांनी मातीत गुडघाभर चाकोऱ्या पडल्या आणि मधे दगडगोट्यांचा वरंबा उरला. माझी जुनी जीप त्या वरंब्यावर पोट घासत चालायची. त्या जीपमधून मी वस्तीचं दूध सोसायटीच्या वडवणीच्या केंद्रावर नेत असे. दोनदा ऑइलचं चेंबर फुटलं आणि दोन्ही वेळा दूध उन्हात नासलं.

ही दूध सोसायटी वस्तीत आणली ती आबांनी, माझ्या वडिलांनी. नासलेलं दूध ओतताना बायांचे चेहरे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "गाडी उंच करून घे बाबा. लोकाची मेहनत मातीत चाललीय."

तेव्हा आबांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी दूध उतरवून मी त्यांना तसाच पुढे बीडला डायलिसिसला नेत असे. पाय सुजलेले असायचे, पण इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते पुढच्या सीटवर ताठ बसायचे.

माजलगावला एक म्हातारा मिस्त्री होता. आबा हट्टानं सोबत आले. मिस्त्रीला "जयभीम" घालून बाकड्यावर बसले. मिस्त्री जीपखाली सरपटत गेला आणि बाहेर येऊन सांगू लागला. कमानपाट्यांखाली लोखंडी ठोकळे घातले की दोन इंच उंची मिळते, गाडी मऊ राहते. पाट्यात जादा पानं घालून वर लांब शॅकल, म्हणजे पाट्या टांगायच्या कड्या, टाकल्या की चार इंच.

"पन चार इंचानं गाडी कडक होती," तो म्हणाला. "वळनावर झुकती. माझं ऐकाल तर दोन बास."

मला ते दोन इंच कमी वाटत होते. तो वरंबा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी आबांकडे पाहिलं.

"चारच कर," आबा म्हणाले. "अर्धंमुर्धं काम कावून करायचं?"

मिस्त्रीनं त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "म्हाताऱ्या मानसाला चढायला पायरी जोडून घ्या. आज वेल्डिंगवाला न्हाई. परवा या." मी हो म्हणालो. परवा जनावरांच्या छावणीला भाड्यानं चारा पोचवायचा होता. त्यानंतर दुसरं काही निघालं. मी गेलोच नाही.

त्या दिवशी जीप तयार झाली तेव्हा संध्याकाळ होती. आबांनी दांडी धरून पाय उचलला, तो जीपच्या फळीपर्यंत पोचला नाही. पुन्हा उचलला. गॅरेजातली माणसं बघत होती. मी मागून त्यांच्या काखेत हात घालून वर ढकललं. सीटवर बसल्यावर त्यांनी सदरा सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोत्यावानी चढवतो व्हय रे मला?"

मी हसलो. मला वाटलं, ते चेष्टेनंच म्हणालेत.

दुसऱ्या दिवशी जीप वरंब्याला न शिवता उतरली. दूध वेळेवर पोचलं. शुक्रवारी आबा म्हणाले, "तू चाऱ्याची खेप कर. मी वस्तीखालच्या फाट्यावरून बसनं जातो." मला बरंच वाटलं, हे आज लिहितानाही जड जातं. खेपा वाढल्या होत्या आणि माझा अर्धा दिवस वाचत होता. संध्याकाळी विचारलं की ते म्हणायचे, "झालं. मशीन चांगलं चाललं आज." चेहरा सुजला होता, तो मी उन्हावर ढकलला.

पुढच्या शुक्रवारी फाट्यावरच्या चहावाल्या मावशीनं माझी जीप थांबवली. "तुमचे आबा हितं लिंबाखाली बसून राहतेत रे. बस येती, उठतेत, दांडी धरतेत, अन् मागं फिरतेत. कंडक्टर हात देतो म्हनला तर नको म्हनले. दुपारपातूर बसतेत अन् घरी जातेत. आज बी तसंच झालं."

म्हणजे तीन वेळा ते बीडला गेलेच नव्हते. मी चारा तसाच टाकून वस्तीवर गेलो. आबा खाटेवर उशाला टेकून बसले होते. दम लागलेला.

"आबा, खोटं कावून बोलले?"

त्यांनी पाय आखडून घेतले. मग म्हणाले, "बसची पायरी बी लई उंच झाली रे."

मी त्यांना दोन्ही हातांवर उचललं आणि जीपमध्ये ठेवलं. या वेळी ते काहीच बोलले नाहीत. डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, लहान लेकरासारखं. मला त्यांचं बोलणं हवं होतं. बीडपर्यंत प्रत्येक खड्ड्यात त्या कडक पाट्यांचा दणका त्यांच्या अंगात जाताना मी पाहत होतो, आणि वेगही कमी करता येत नव्हता.

दवाखान्यात चार दिवस काढले. पाचव्या दिवशी सकाळी ते गेले.

पुण्यानुमोदनाला सोसायटीची सगळी माणसं आली. सोसायटीचे चेअरमन माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मागल्या महिन्यात भेटले होते फाट्यावर. लई खुशीत होते. म्हनले, पोराची गाडी आता डोंगर चढती, वस्तीचं दूध आता नासत न्हाई." त्यांना वाटलं, हे ऐकून मला धीर येईल. मी उठून घरामागे गेलो.

पुढं महिन्याभरात जनावरं छावणीला गेली आणि वस्तीचं दूध आटलं. शेवटच्या दिवशी दीड कॅन भरला. तो मी वडवणीला नेला, उतरवला, पावतीवर सही केली. केंद्रावरच्या माणसानं सवयीनं विचारलं, "आज बीडला जायचं न्हाई का?" मंगळवार होता.

"न्हाई," मी म्हणालो, आणि जीप वस्तीकडे वळवली.