खालच्या काकांचे पाहुणे

वारज्याला फ्लॅट घेतला तेव्हा मी हिंजवडीतल्या कंपनीत नुकताच चिकटलो होतो. बायको कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. एका शनिवारी सकाळी खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे. बँकेतून निवृत्त झालेले. हातात कागद, कागदावर कसलातरी चघळलेला चोथा.

“आपण रात्री उंबरं चघळून माझ्या गाडीवर थुंकता का?”

“नाही हो.”

“तुमच्या अकोल्याकडे चालत असेल, म्हणून विचारलं.”

बायकोनं चोथा हौसेनं उजेडात धरला. “वटवाघळाचा आहे. जिभेनं फळ टाळूवर दाबून रस पितात आणि चोथा टाकतात. दिवसा नदीकाठच्या वडावर लटकतात, रात्री आपल्या उंबरावर जेवायला येतात.”

“जेवणाचं निमंत्रण कोणी दिलं?” म्हणत काका गेले.

पुढच्या रविवारी पुन्हा बेल वाजली. “मिसेसना पाठवा. माझ्याकडे पाहुणे आलेत.”

कबुतरांसाठी लावलेल्या त्यांच्या बाल्कनीच्या जाळीत एक मोठं वटवाघूळ अडकलं होतं. कोल्ह्यासारखं तोंड, टपोरे डोळे, मानेवर तांबूस लव. बायकोनं जाड हातमोजे घातले. काकांनी जाळी ताणून धरली, मी कात्री चालवली. पंख सुटला तशी ती शिकवायलाच लागली, “ही बघा, लांबलेली बोटं. त्यांवर ताणलेलं कातडं म्हणजे पंख. अंगठा तेवढा मोकळा, आकडीसारखा.”

तेवढ्यात वटवाघूळ त्याच अंगठ्यांनी जाळीला लोंबकळून सुलटं झालं आणि काकांची बाही भिजली.

“स्वतःच्या अंगावर उडू नये म्हणून सुलटं होतं,” बायको घाईघाईनं म्हणाली. मी हसू दाबायला खोकलो.

काकांनी बाहीकडे पाहिलं. “स्वच्छतेची जाण आहे. सोसायटीत तेवढीही नाही.”

टॉवेलात गुंडाळून आम्ही त्याला उंबराच्या फांदीला टांगलं. अंगठे रोवत ते वर पानांत सरकलं. संध्याकाळी उडालं, तोवर काका खुर्ची टाकून बसले होते.

नंतर आठवडाभर ते सोसायटीत भेटेल त्याला पंखातली बोटं समजावून सांगत होते. लिफ्टमध्ये आम्ही दोघं भेटलो तेव्हा मलाही सांगितली. “तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला ठाऊक नसेल.” बायकोनं मला चिमटा काढला. मी म्हटलं, “खरंच नव्हतं ठाऊक.”

“मग असं करू,” काका म्हणाले, “उंबराखालची माझी पार्किंगची जागा तुम्ही घ्या, मी गाडी तुमच्या जागी लावतो. गाडीवर चोथा पडला तर मिसेसना अभ्यासाला बरा.”

मी तोंड उघडायच्या आत बायको हो म्हणाली होती.